बाही घट्ट झाली म्हणून वजनं खाली ठेवू नका

नमस्कार ताई,

मी ३८ वर्षांची आहे. दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगी असे चौघं राहतो. मी बँकेत नोकरी करते. दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरायची, म्हणून सहा महिन्यांपूर्वी ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर जिम लावली. तिथल्या ट्रेनरने पहिल्या आठवड्यातच वजनांकडे नेलं. आता मी ४० किलोचं डेडलिफ्ट करते, म्हणजे वजनाची दांडी जमिनीवरून उचलून सरळ उभी राहते, आणि ३० किलो खांद्यावर घेऊन स्क्वॉट, म्हणजे बैठका, करते. कंबरदुखी जवळजवळ गेली आहे. आणि खरं सांगते, मला हे फार आवडायला लागलंय.

गेल्या शनिवारी जिममधून परस्पर शिंप्याकडे गेले. नवरात्रासाठी चणिया-चोळी शिवायला टाकायची होती. मापाचा जुना ब्लाऊज घालून पाहिला तर दंडात घट्ट. शिंपी म्हणाला, "बेन, बांय ढीली करवी पडशे." म्हणजे बाही ढिली करावी लागेल. घरी येऊन हसत हसत सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मी कधीची सांगतेय, ही पैलवानकी बाईमाणसाला शोभत नाही. थोराड दिसायला लागशील. आम्ही कुठे गेलो होतो जिमला? घरकामातच व्हायचा आमचा व्यायाम." वजनही ६० वरून साडेएकसष्टवर गेलंय, कुर्ते मात्र कमरेत सैल झालेत. नवरा म्हणतो, सोडू नकोस, पण हलके डंबेल घे, म्हणजे टोनिंग होईल आणि दंड फुगणार नाहीत.

सासूबाई मनाने वाईट नाहीत. गेल्या वर्षी त्या न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून कणीक मळणं, पाणी भरणं माझ्याकडेच आहे, त्यामुळे सकाळी वेळही पुरत नाही. नवरात्राला दोन महिने आहेत. तोवर वजनं बंद ठेवू का? आपण बाईसारख्या दिसणार नाही, या विचाराने मला खरंच झोप येत नाही.

— दांडिया बाजारची एक वाचक, बडोदा

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर आधी सांगते, म्हणजे आज रात्री तरी झोप लागेल: बंद करू नका. नवरात्रापर्यंतही नको आणि नंतरही नको. कारणं सावकाश सांगते, कारण ती तुम्हाला घरातही सांगावी लागणार आहेत.

आधी त्या बाहीचं बघू. तुम्ही जिममधून परस्पर शिंप्याकडे गेलात. वजनं उचलल्यावर त्या स्नायूंत रक्त आणि पाणी भरतं आणि काही वेळ तसंच राहतं. जिममधली मुलं त्याला 'पम्प' म्हणतात आणि आरशासमोर उभं राहून फोटो काढून घेतात, कारण थोड्या वेळात तो उतरणार हे त्यांना ठाऊक असतं. रावपुऱ्यात २६ वर्षं मी फिजिओथेरपीचा दवाखाना चालवला. हात-पायाची सूज मोजायची तर आम्ही टेप रोज एकाच वेळी, एकाच जागी लावायचो. एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतलेल्या मापांची तुलना करून काहीच कळत नाही. तुम्हीही माप घ्या, पण सकाळी उठल्यावर, खांद्याच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. महिन्यातून एकदा घेतलंत तरी पुरे. शनिवारी जिम आटोपून शिंप्याच्या दुकानात घेतलेलं माप मी धरतच नाही.

उरलेला फरक मात्र खरा आहे, आणि तो नाकारून मी तुमची खोटी समजूत घालणार नाही. सहा महिने वजनं उचलल्यावर स्नायू थोडा वाढतोच. शिवाय कामाला लागलेला स्नायू साखरेचा साठा जास्त करून ठेवतो. त्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलं जातं. काट्यावरचा दीड किलो बराचसा यातून आलेला असू शकतो. काटा बिचारा सगळं एकत्रच मोजतो. त्याला चरबी, स्नायू, पाणी आणि दुपारची डाळ-ढोकळी यांतला भेद कळत नाही. एक लिटर जागा व्यापणारी चरबी साधारण ९०० ग्रॅम भरते, तेवढ्याच जागेतला स्नायू १०६० ग्रॅमच्या आसपास. तुमचे कुर्ते कमरेत सैल झाले आणि काटा वर गेला, याचा अर्थ शरीरातून पसरट सामान बाहेर गेलं आणि घट्ट सामान आत आलं. कुर्ते सैल झाले नसते, उलट कमरेतही घट्ट झाले असते, तर मी तुम्हाला वेगळं विचारलं असतं. व्यायाम सुरू झाला की भूक वाढते, 'आज जिम केलंय' म्हणून सेव-उसळीची दुसरी प्लेट जाते, आणि मग त्या वाढलेल्या घेराचं खापर वजनांवर फुटतं. 'वजनं उचलून मी जाड झाले' म्हणणाऱ्या पुष्कळ जणींची खरी गोष्ट ही असते. तुमची ती नाही.

आता भीतीच्या मुळाशी जाऊ. पुरुषाचे खांदे रुंद आणि दंड जाड होतात ते मुख्यतः टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे. मोठ्या पुरुषाच्या रक्तात ते डेसिलीटरमागे साधारण ३०० ते १००० नॅनोग्राम असतं, बाईच्या रक्तात साधारण १५ ते ७०. हा फरक थोडाथोडका नाही. सातवी-आठवीपर्यंत मुलगे आणि मुली ताकदीला जवळजवळ सारखेच असतात, एखादी मुलगी वर्गातल्या मुलाला लोळवतेही. मग मुलग्यांमध्ये हे हार्मोन उसळी मारतं आणि वाटा वेगळ्या होतात. बाईने वजनं उचलली म्हणून तिच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या पातळीला जात नाही. तिची ताकद वाढते, आणि टक्क्यांत पाहिलं तर पुरुषाइतकीच वाढते. पण ही ताकद, विशेषतः पहिल्या दोन-तीन महिन्यांतली, मेंदू आणि मज्जातंतूंच्या शिकण्यातून येते. आधी झोपलेले स्नायूंचे धागे हाक मारली की एकदम उठायला लागतात. घेर वाढण्याच्या कितीतरी आधी ताकद वाढते. तुम्ही पहिल्या दिवशी कितीचं डेडलिफ्ट केलं होतं? नुसती दांडी असेल, किंवा १५-२० किलो. आज ४० करता. ताकद दुप्पट झाली. दंड दुप्पट झाला का?

वेटलिफ्टर मीराबाई चानूचंच बघा. उंची पाच फुटांहून कमी, वजनगट ४९ किलोचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तिने एकाच झेपेत ८७ किलो आणि मग दोन टप्प्यांत ११५ किलो असं मिळून २०२ किलो उचललं आणि रौप्यपदक घेतलं. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार डोक्यावर. तिला ४९ किलोच्या वर जायला परवानगीच नव्हती. त्या गटात राहायचं तर शरीर न वाढवता ताकद वाढवावी लागते, आणि ते होतं, म्हणून तर हा खेळ वजनगटांत चालतो. तिच्याआधी कर्णम मल्लेश्वरी. २००० साली सिडनीला ऑलिंपिकमध्ये बायकांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदाच आलं, आणि त्याच वर्षी तिने २४० किलो उचलून ब्राँझ मिळवलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. या दोघींनी आयुष्याची वर्षंच्या वर्षं रोज तासन् तास हे केलं. तुम्ही आठवड्यातून तीन दिवस, बँक सुटल्यावर, तासभर करता.

मग सासूबाईंच्या डोळ्यांसमोर जी बाई येते, शिरा तट्ट फुगलेली, खांदे दगडासारखे, ती कुठून येते? ती असते, पण ती अपघाताने तशी झालेली नसते. शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणारी स्त्री आठ-दहा वर्षं एकाच ध्येयाने राबते, प्रत्येक घास मोजून खाते, स्पर्धेआधी चरबी आणि पाणी इतकं उतरवते की कातडी स्नायूला चिकटते, वर अंगाला रंग आणि तेल लावते. त्यातल्या काही जणी बाहेरून पुरुषी हार्मोनची औषधंही घेतात. इतक्या खटाटोपानंतर मिळणारं रूप तुम्हाला नकळत, जाता-येता चिकटेल ही भीती म्हणजे सकाळी रियाज करणाऱ्या बाईने 'चुकून मैफिलीची गायिका झाले तर?' म्हणून तंबोरा खाली ठेवण्यासारखं आहे.

तरीही, बदल होतो. 'काहीही फरक पडत नाही' असं सांगून बायकांना जिममध्ये ओढणाऱ्यांचं मला पटत नाही. खांदा थोडा गोल होतो. पाठ सरळ होते, त्यामुळे छाती आणि खांदे रुंद वाटतात. मांड्या भरल्या की जीन्सचा फिट बदलतो. काही जणींच्या अंगाची ठेवणच अशी असते की त्यांना स्नायू लवकर धरतो, तुम्ही त्यांतल्या असाल. पण हे सगळं इतकं हळू होतं की एखाद्या सकाळी उठून आरशात अनोळखी बाई दिसणार नाही. महिन्यामागून महिने तुम्ही ते बघत असता. जिथे 'आता पुरे' वाटेल तिथे वजन वाढवणं थांबवा, आहे तेवढंच चालू ठेवा, शरीर तिथेच थांबतं. अगदी सोडलंत तर काही महिन्यांत उतरतंही. म्हणजे लगाम पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दोन महिन्यांनंतरच्या नवरात्रात जे दंड दिसतील ते आजच्याच दंडांसारखे असतील, फार तर जरा घट्ट.

तुमच्या यजमानांनी मध्यममार्ग सुचवलाय, त्यांची काळजी मला कळते. पण टोनिंग नावाची वेगळी क्रिया शरीरात नाही. स्नायू वाढतो किंवा वाढत नाही, त्यावरची चरबी कमी होते किंवा होत नाही. लोक ज्याला टोन्ड म्हणतात ते म्हणजे थोडा स्नायू आणि त्यावर कमी चरबी. आणि हलकं वजन अगदी दमेपर्यंत उचललंत तर स्नायू जवळजवळ तेवढाच वाढतो, दमायच्या आधीच सोडलंत तर फारसं काहीच होत नाही. दोन किलोचे गुलाबी डंबेल घेऊन वर्षभर हात हलवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांचा वेळ गेला याचंच मला वाईट वाटतं. त्या रोज दोन लिटर दुधाच्या पिशव्या घरी आणतात, त्यापेक्षा हे हलकं.

'आमचा व्यायाम घरकामात व्हायचा', या सासूबाईंच्या वाक्यात मात्र पुष्कळ तथ्य आहे. ते झटकून टाकू नका. पाण्याने भरलेला पितळी हंडा, पाटा-वरवंटा, जात्यावरचं दळण. या बायकांनी जन्मभर वजनंच उचलली. आजही भरलेला गॅस सिलिंडर सरकवायचा तर ३० किलोच्या आसपास भार असतो, त्यात गॅसच १४.२ किलो. त्या सिलिंडरने कुणी थोराड झाल्याचं सासूबाईंनीही पाहिलं नसेल. तुमचं ३० किलोचं स्क्वॉट म्हणजे तो एक सिलिंडर आहे, फक्त नीट पकडीचा आणि सरळ पाठीचा. तेव्हा त्यांना सांगा की आई, तुम्ही जे वाकून, घाईत, कंबर मोडून केलं तेच मी शिकून करतेय.

पण त्या वाक्यात एक उणीवही आहे. हंडा तेवढाच राहतो. पहिल्या वर्षी जड वाटलेला हंडा पाचव्या वर्षी अंगवळणी पडतो आणि मग शरीराला नवीन काही उभारायचं कारण उरत नाही. त्यात आता मिक्सर आला, नळ आला, दळण गिरणीत गेलं. कामाचा भार गेला, दगदग राहिली. ओट्याशी तासन् तास उभं राहून पाय दुखतात, त्याने हाडं बळकट होत नाहीत. जिममधली दांडी वाढत जाते, सगळी गोम तिथे आहे.

आणि बडोद्याच्या बाईला हे परकं वाटावं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. तुम्ही राहता त्याच दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. तिथे प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्या घडवल्या. डभोईत जन्मलेले जगन्नाथ गुणे १९०७ पासून तीनेक वर्षं त्यांच्याकडे शिकले. पुढे ते स्वामी कुवलयानंद झाले, १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जो प्रचंड दगड आहे, तो गामा पैलवानाने १९०२ च्या डिसेंबरात उचलल्याचं सांगतात. लहानपणी वडील मला आणि भावाला तो दाखवायला न्यायचे. भावाला म्हणायचे, बघ, असा हो. मला म्हणायचे, हात नको लावूस, कपडे मळतील. मी तो दगड आजवर कितीदा पाहिला असेल, पण त्यांचं ते वाक्य अजून डाचतं. या गावात जोर-बैठका, जोडी, मल्लखांब यांचा एवढा वारसा, आणि तो घरातल्या अर्ध्या माणसांपर्यंत पोचलाच नाही.

इथवर मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. सासूबाई न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळल्या आणि मनगट मोडलं.

जिन्यावरून नाही, स्कूटरवरून नाही. उभ्या उंचीवरून पडून मोठ्या माणसाचं हाड मोडतं, तेव्हा हाड आधीच ठिसूळ झालेलं असण्याची दाट शक्यता असते. पाळी गेलेल्या बायकांत मनगट मोडणं ही पुष्कळदा पहिली सूचना असते, त्यानंतर मणका आणि खुबा. इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन असतं तोवर ते हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी गेली की तो आवर सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत काही जणींची हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते. प्लॅस्टर काढलं, मनगट जुळलं, विषय संपला, असंच घरोघरी होतं. माझ्या आईचंही असंच झालं. ६६ व्या वर्षी मनगट, ७१ व्या वर्षी खुबा. मधल्या पाच वर्षांत कुणी आम्हाला हाडं तपासायला सांगितलं नाही, आणि मी त्याच विद्येतली असून मलाही ते सुचलं नाही. ती सुरसागर तलावाला रोज एक फेरी मारायची. खुब्यानंतर ती फेरी गेली, मग जिना गेला, मग खोली. म्हणून हे मी तुम्हाला कळकळीने लिहितेय.

सासूबाईंना हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. डेक्सा तपासणी करून घ्या, त्यात हाडांची घनता कळते. दुखत नाही, इंजेक्शन नाही. सोबत ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तपासतील, गरज असेल तर औषध देतील. हाड धरून ठेवणारी चांगली औषधं आज आहेत. न्हाणीत पकडायला दांडा बसवा, तो उंबरा रंगाने ठळक करा, रात्री दिवा राहू द्या. आणि वर्ष झालं तरी कणीक मळता येत नसेल तर त्यांचं मनगट आखडलंय किंवा पकड गेलीय. हे वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे दाखवा. ओला पंचा पिळणं, कोमट पाण्यात मूठ उघड-मीट, मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात धरून मनगट वर-खाली, असं हळूहळू परत आणता येतं.

त्यांनाही वजनं? हो, डॉक्टरांनी बघून झाल्यावर, त्यांच्या बेताने. सुरुवात खुर्चीवरून. भिंतीला टेकवलेली खुर्ची, हाताचा आधार न घेता उठायचं, सावकाश बसायचं, पाच वेळा. जमायला लागलं की दहा. हेच स्क्वॉट आहे, नाव फक्त सांगू नका. ऑस्ट्रेलियात ५८ वर्षांपुढच्या, हाडांची घनता उतरलेल्या शंभरेक बायकांवर एक अभ्यास झाला, २०१७-१८ च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींनी ८ महिने, आठवड्यातून २ दिवस, अर्धा-अर्धा तास, जाणत्यांच्या देखरेखीखाली चांगलं जड डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर वजन ढकलण्याचा व्यायाम केला. बाकीच्यांनी घरी हलका व्यायाम केला. जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली, हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. हाड खेचलं आणि दाबलं गेलं की त्यातल्या पेशींना कळतं, इथे भर घालायला हवी. हलक्या भाराने त्यांना तेवढी जाग येत नाही. यजमानांना हेही सांगा.

आणि तुम्ही? आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे. म्हणजे तुमच्या हातात आठ-नऊ वर्षं आहेत. तिशीनंतर स्नायूही दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के झिजतो, काही न करता, नुसता बसून. या आठ-नऊ वर्षांत जे साठवाल ते पुढे तीस वर्षं खर्चायचंय. मी स्वतः आईच्या खुब्यानंतर, ५१ व्या वर्षी सुरुवात केली. उशीर झाला नाही, पण तुमच्या वयात केली असती तर बरं झालं असतं, असं रोज वाटतं.

आता थोडं कामाचं. आठवड्यातून दोन ते तीन दिवस पुरे, मधे एक दिवस विश्रांती. वजन वाढवताना एका वेळी दोन्ही बाजूंना मिळून अडीच किलो, आणि तेही शेवटच्या फेरीपर्यंत पाठ सरळ राहत असेल तरच. तुमची कंबर दुखायची, म्हणून हे पुन्हा सांगते: डेडलिफ्टमध्ये पाठ गोल झाली की तिथेच थांबा, ट्रेनर कितीही 'अजून एक' म्हणो. कंबरेतून कळ पायात उतरली, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर जिम बाजूला आणि आधी डॉक्टर. श्वास कोंडून चेहरा लाल करू नका.

खाण्यात प्रथिनं बघा. आपल्या मराठी-गुजराती ताटात कर्बोदकं भरपूर आणि प्रथिनं चमचाभर. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५० ग्रॅम तर हवीतच. वजनं उचलणाऱ्या बाईने ७०-७५ धरावीत, असं मी सांगते. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, एका अंड्यात ६, मूठभर शेंगदाण्यांत ७, आणि आपल्या पातळ गोड डाळीच्या वाटीत त्याहून कमीच. वरण जरा घट्ट करा. मोड आलेले मूग, दही, भाजलेले चणे वाढवा. प्रोटीन पावडरला घाबरू नका. दूध फाडून चीज करताना जे पाणी निथळतं त्याचीच ती पूड. पण गरज नसेल तर घेऊ नका.

एक गोष्ट मात्र दारातही येऊ देऊ नका. जिममध्ये कुणी झटपट चरबी जाळणारी गोळी, नाव-गाव नसलेला डबा किंवा इंजेक्शन पुढे केलं, तर तिथून निघा. बाईचं शरीर खरोखर पुरुषी होतं ते अशा औषधांतल्या हार्मोननी. आवाज घोगरा होतो, दाढी-मिशी येते, पाळी बिघडते, आणि गेलेला आवाज बहुधा परत येत नाही. वजनं न बदलता, गोळ्या न घेता असं काही अंगावर दिसायला लागलं तर तो वजनांचा परिणाम समजू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हार्मोनचा दुसरा काही त्रास असू शकतो. पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्या वाचकही मला हे विचारतात, म्हणून इथेच सांगते: त्यांनी वजनं जरूर उचलावीत. स्नायू रक्तातली साखर वापरतो, आणि त्यांना त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

सकाळी वेळ पुरत नाही म्हणालात. कणीक यजमान मळू शकतात. त्यांच्याही दंडाला ते बरं.

गरब्याचं म्हणाल तर नऊ रात्री, रात्री बारापर्यंत वाकून, उडी घेऊन, गिरकी मारून पुन्हा वाकायचं. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी गुडघे धरून बसला असाल, तर या वर्षी बघा काय फरक पडतो. आणि शिंप्याकडे एकदा पुन्हा जा, या वेळी सकाळी, जिमच्या आधी. बांय त्याला खुशाल ढिली करू द्या. फक्त सांगा, दोन्ही बाह्यांना आतून अर्धा-अर्धा इंच माया जास्त सोड, पुढच्या नवरात्रात लागेल.